साथीच्या काळातील जोखीम आणि तिचे मोजमाप



ज्यांचे नाव या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहे, त्या सरांनी या शाळेत आयुष्यभर गणित शिकवले. त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानासाठी मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाला पाचारण करावे, ही संयोजकांची उदारता होय. मी निवडलेला विषय प्रथमदर्शनी वैद्यकाचा वाटेल. तथापि औषधोपचाराविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही आणि त्याविषयी मी काही सांगणारही नाही. मला बोलायचे आहे ते निर्णयाविषयी. साथ आली म्हणजे सामान्य कुटुंबापुढे रोज काही प्रश्न उभे राहतात. बाजारात जावे की नाही? लग्नाचे आमंत्रण स्वीकारावे की क्षमा मागावी? घरकामाच्या बाईंना येऊ द्यावे का? नातवंडाला जवळ घ्यावे का? या प्रश्नांची उत्तरे सरकारी आदेशात सापडत नाहीत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही ती लिहिलेली नसतात. ती ज्याची त्याने द्यावयाची असतात. २०२० ते २०२२ या काळात आपण सर्वांनी ती दिली. कोणी विचाराने, कोणी धास्तीने, कोणी बेफिकिरीने. पुढची साथ केव्हा येईल ते सांगता येत नाही, म्हणून हे उत्तर देण्याची रीत शांतपणाच्या काळातच समजून घेणे शहाणपणाचे आहे.

साथ, जोखीम आणि सोवळे

भाषेच्या अध्यापकाने आरंभ शब्दांपासून करावा, हे स्वाभाविक आहे. मराठीत ‘साथ’ या शब्दाचे दोन अर्थ नित्य व्यवहारात आहेत. तबल्याची साथ, संसारातील साथ, संकटातील साथ, हा एक. आणि पटकीची साथ, देवीची साथ, गाठीच्या तापाची साथ, हा दुसरा. ज्या सोबतीवाचून माणसाचे चालत नाही, त्या सोबतीच्याच वाटेने हे रोग येतात. वीज अंगावर पडण्याचा धोका ज्याचा त्याला असतो. साथीच्या रोगातील धोका मात्र माणसामाणसांतील व्यवहारात असतो; मी पत्करलेला धोका माझ्यापाशी थांबत नाही. या गोष्टीकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

दुसरा शब्द ‘जोखीम’. ‘जोखणे’ म्हणजे वजन करणे, पारखणे. जोखीम कमी असते, अधिक असते, पत्करण्याजोगी असते किंवा नसते. म्हणजेच ती तराजूत घालता येते. भयाचे तसे नाही. भय एकतर वाटते किंवा वाटत नाही.

आपल्या संस्कारांतील एक गोष्ट येथे आडवी येते. सोवळ्याओवळ्याच्या कल्पनेत मधली पायरी नसते. स्पर्श झाला की विटाळ झाला, न झाल्यास सर्व शुद्ध. २०२० साली आपल्या घरोघरी रोगाकडे याच दृष्टीने पाहिले गेले. भाजी साबणाच्या पाण्यात धुतली गेली, वर्तमानपत्रे उन्हात ठेवली गेली, दाराची कडी चार वेळा पुसली गेली. आणि एवढे सोवळे पाळल्यावर घरातील आणि शेजारची दहा माणसे खिडक्या लावून निर्धास्तपणे चहाला बसली. पुढे स्पष्ट झाले, की हा रोग मुख्यतः हवेतून, श्वासाच्या वाटेने पसरतो. दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून लागण होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी असल्याचे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये सांगितले. हलक्या वजनाची भीती आपण मोठ्या पारड्यात घातली आणि जड वजनाकडे पाहिले नाही. याच सोवळ्यामुळे बऱ्या झालेल्या रुग्णाशीही काही शेजाऱ्यांनी महिनोन्‌महिने बोलणे टाकले, ही त्याहून दुःखाची गोष्ट.

हा प्रमाद केवळ आपल्या पिढीचा नव्हे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्याचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँग येथे सापडला होता. परंतु तो माणसापर्यंत कसा पोहोचतो, ते ठाऊक नव्हते. सरकारी पथके घरांच्या भिंतींना चुना फासत होती, गटारांत औषधी पाणी ओतत होती. उंदरांच्या पिसवा हे काम करतात, असे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखवले, तरी ते मान्य होण्यास काही वर्षे जावी लागली. गावोगावच्या लोकांचा अनुभव मात्र याआधीच एका सूत्रात आला होता : उंदीर पडू लागले की घर सोडावे आणि माळावर झोपडी घालून राहावे. कारण ठाऊक नसताना त्यांनी धोक्याची जागा अचूक हेरली होती. धोका नेमका कोठे आहे, हा जोखण्यातील पहिला प्रश्न होय.

उंधेऱ्याचा पडताळा

जोखण्यासाठी तुलना लागते आणि तुलना समानांची लागते. याचे एक उत्तम उदाहरण आपल्या बडोद्याच्या उंबरठ्यावरचे आहे. आपल्यापैकी पुष्कळांना ते ठाऊक नसेल, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लस उपयोगी आहे की नाही, यावर मोठा वाद होता. टोचून घेणारे लोक मुळातच सधन, सावध आणि स्वच्छ घरांत राहणारे असतील, तर ते वाचले याचे श्रेय लशीला कसे द्यावे? हा आक्षेप रास्त होता. १८९८ च्या फेब्रुवारीत बडोदे संस्थानातील उंधेरा या गावी प्लेग शिरलेला असताना या आक्षेपाचे उत्तर शोधण्यात आले. गावातील कुटुंबे एकत्र बोलावून प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना लस टोचण्यात आली आणि निम्म्यांना ती टोचली नाही. त्यामुळे एकाच छपराखाली, एकच अन्न खाणारी, त्याच उंदरांच्या सहवासात राहणारी माणसे दोन्ही बाजूंना आली.

पुढील काही आठवड्यांत गावातील २८ कुटुंबांत प्लेग झाला. त्या कुटुंबांतील न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना रोग झाला आणि २६ जण दगावले. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना रोग झाला आणि ३ दगावले. शेकड्याच्या भाषेत सांगायचे, तर न टोचलेल्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ४१ च्या आसपास आणि टोचलेल्यांत शेकडा ४ च्या आसपास होते. एकाच घरातील निम्म्यांना टोचावे आणि निम्म्यांना वगळावे, हे आज मनाला बोचते. त्या २६ जणांच्या मरणातून हे ज्ञान आले आहे, याचे विस्मरण होऊ नये.

या आकड्यांतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, संरक्षण मोठे होते. दोन, ते पूर्ण नव्हते. टोचलेल्यांतही तीन माणसे गेली. ज्याला सोवळ्याच्या रीतीने विचार करण्याची सवय आहे तो म्हणेल, ‘टोचूनही मेलेच ना? मग टोचून काय मिळवले?’ ज्याला जोखता येते तो म्हणेल, ‘दहातील नऊ मरणे टळली.’ २०२१ मध्ये लस घेऊनही आजारी पडलेल्या एखाद्या परिचिताचे नाव पुढे करून लशीची थट्टा करणारे लोक आपण ऐकले. त्यांना उंधेऱ्याचा हिशेब दाखवावा.

दुसऱ्या बाजूचेही वजन प्रामाणिकपणे घालावे लागते. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल येथे लशीच्या एका दूषित बाटलीतून टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. हाफकिन यांना त्याचा दोष चिकटला आणि तो पुसला जाण्यास १९०७ साल उजाडावे लागले. लशीतही धोका असू शकतो, हे खरे. म्हणूनच बाटली कशी उघडावी, सुई कशी उकळावी यांचे नियम कडक होत गेले. परंतु ते १९ मृत्यू एका पारड्यात घालताना दुसऱ्या पारड्यात काय होते, हेही पाहिले पाहिजे. त्या साथीच्या दशकांत हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे नेली.

चार प्रश्न

आता दैनंदिन व्यवहाराकडे वळू. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगात एखाद्या ठिकाणी जावे की नाही, हे ठरवण्यासाठी चार प्रश्न पुरेसे होतात : हवा कशी आहे, माणसे किती आहेत, किती वेळ थांबायचे आहे, आणि तेथे लोक काय करणार आहेत? बंद जागा, गर्दी आणि निकटचा सहवास या तीन गोष्टी एकत्र येऊ देऊ नका, असा सुटसुटीत मंत्र जपानने २०२० मध्येच आपल्या नागरिकांना दिला होता. बंद खोलीत श्वासातील सूक्ष्म कण अगरबत्तीच्या धुरासारखे साठत जातात. खिडकी उघडली, की विरतात. धुराचे हे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण ते लक्षात ठेवले तर निम्मे निर्णय आपोआप सुचतात. चार हातांवर बसलेल्या माणसाच्या विडीचा वास येत असेल, तर त्याचा श्वासही आपल्यापर्यंत येत आहे, असे समजावे.

‘लोक काय करणार आहेत’ या प्रश्नाचे महत्त्व एका घटनेवरून कळेल. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट परगण्यात १० मार्च २०२० रोजी एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. ६१ जण हजर होते. त्यांतील एकाला आजाराची लक्षणे होती. नंतर निश्चित आणि संभाव्य मिळून ५३ जण बाधित आढळले आणि दोघांचा मृत्यू झाला. गाताना, मोठ्याने बोलताना माणूस शांत बसलेल्या माणसापेक्षा कितीतरी अधिक कण बाहेर टाकतो. आपल्याकडील भजनी मंडळे, आरत्या आणि पाठांतराचे वर्ग यांनी हे ध्यानात ठेवावे. भजन बंद करावे असे मी म्हणत नाही; साथीच्या महिन्यांत ते देवळाच्या गाभाऱ्याऐवजी अंगणात करावे.

कशाचे टक्के?

हे चार प्रश्न झाल्यावर पाचवा येतो, आणि तो गणिताचा आहे : सध्या गावात रोग किती आहे? आमचे सर फळ्यावर उत्तर लिहिणाऱ्या मुलाला नेहमी थांबवीत आणि विचारीत, ‘टक्के लिहिलेस, पण कशाचे टक्के?’ हा प्रश्न साथीच्या बातम्या वाचताना मला फार उपयोगी पडला. ‘धोका दुप्पट झाला’ एवढेच वाचून काही कळत नाही. लाखात एकाचे दोन झाले, तर तेही दुप्पट. शंभरात पाचाचे दहा झाले, तर तेही दुप्पट. पहिल्यावर झोप उडण्याचे कारण नाही, दुसऱ्यावर उडालीच पाहिजे.

एक हिशेब करून पाहू. समजा, गावात हजारात एक माणूस बाधित आहे आणि आपण दोनशे पाहुण्यांच्या समारंभाला गेलो. कोणीही बाधित नसण्याची शक्यता काढण्यासाठी ९९९ भागिले १००० ही संख्या दोनशे वेळा गुणावी लागते. ती शंभरातून वजा केली की किमान एक बाधित तेथे असण्याची शक्यता मिळते, आणि ती शेकडा १८ येते. आता समजा, दोन महिन्यांनी रोग वाढला आणि शंभरात एक माणूस बाधित झाला. या वेळी कोणाकडे वीसच माणसे जमणार आहेत. हिशेब करा, उत्तर पुन्हा शेकडा १८ येते. दोनशेंचा समारंभ आणि वीस माणसांची बैठक या दोन्हींचे वजन भरले सारखेच, कारण मधल्या काळात तारीख बदलली होती. तेथे दोनशे माणसे असती, तर ही शक्यता शेकडा ८७ झाली असती.

माझ्यापुढे हा प्रश्न प्रत्यक्ष असाच आला. २०२१ च्या फेब्रुवारीत भाचीचे लग्न मोकळ्या मैदानात होते. रोग त्या वेळी ओसरलेला होता. चांगला मास्क लावून, एका कडेच्या खुर्चीवर बसून मी अक्षता टाकल्या आणि मांडवातील पंगत न घेता घरी परतलो. एप्रिलमध्ये एका स्नेह्याकडे सदनिकेची वास्तुशांत होती. वीसच माणसे, पण बंद खोली, होमाच्या धुरासाठी लावलेला पंखा सोडल्यास हवा नाही, आणि भोजन तेथेच. मी नम्रपणे नकार कळवला. ‘दोनशेंच्या लग्नाला गेलात, आमच्या वीस माणसांची भीती वाटते का?’ असा टोमणा आला. ज्यांनी आताचा हिशेब ऐकला, त्यांना त्याचे उत्तर सांगण्याची गरज नाही.

सहावा प्रश्न वयाचा. येथे प्रत्येक साथीचा तराजू निराळा असतो, हे विसरता कामा नये. १९१८ चा इन्फ्लुएंझा, ज्याला खेड्यापाड्यांत ‘मानमोडी’ म्हणत, तो ऐन पंचविशी-तिशीतल्या माणसांना वेचून नेत होता. त्या साथीत हिंदुस्थानातील मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत व त्यापलीकडेही जातात. कोरोनाचा कल याच्या उलट होता. लस येण्यापूर्वीच्या, मुख्यतः प्रगत देशांतील आकडेवारीवरून काढलेल्या एका प्रसिद्ध अंदाजानुसार, लागण झालेल्यांपैकी मृत्यू पावणाऱ्यांचे प्रमाण पंचविशीत दहा हजारांत एक, पंचावन्नाव्या वर्षी हजारात चार, पंचाहत्तरीत शंभरात चार-पाच आणि पंचाऐंशीत शंभरात पंधरा होते. म्हणजे आजोबा आणि नातू एकाच पंगतीत बसले, तरी दोघांच्या पानावर सारखा धोका वाढलेला नसतो. मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार असतील, तर वजन आणखी वाढते. सत्तरी ओलांडलेला माणूस म्हणून हे मी स्वतःपुरतेही सांगत आहे.

दुसरे पारडे

येथवर एकाच पारड्याचा विचार झाला. दुसरे पारडे रिकामे ठेवले, तर ते जोखणे होत नाही. घरी बसण्यालाही किंमत असते. मुलांचे बुडालेले शिक्षण, हातावर पोट असलेल्यांची बुडालेली मजुरी, न तपासलेला रक्तदाब, पुढे ढकललेली शस्त्रक्रिया आणि वृद्धांचे एकटेपण ही सारी वजने खरी आहेत. एप्रिल २०२१ मध्ये याच शाळेत माझ्या शेजारी बसणारा माझा बालमित्र गेला. त्याच्या अंत्ययात्रेला चार माणसे होती आणि मी त्यांत नव्हतो. तो निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता आणि आजही मला तो योग्य वाटतो. पण त्याची किंमत मी अजून देत आहे. योग्य निर्णय फुकट मिळत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

उलट, काही माणसे धोका पूर्णपणे ओळखून तो पत्करतात. सावित्रीबाई फुले यांनी पुण्याच्या परिसरात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा केली आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या पारड्यात काय होते, ते आपण जाणतो. २०२० मध्ये आपल्या गावातील परिचारिका, सफाई कामगार आणि स्मशानातील सेवक यांनी तेच केले. त्यांना धाडसी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु आपल्यापैकी प्रत्येकाचा एकेक अनावश्यक धोका अखेरीस त्यांच्या खांद्यावर जाऊन पडत होता.

येथेच आरंभी सांगितलेला ‘साथ’ शब्दाचा अर्थ पुन्हा कामास येतो. तरुण मुलगा म्हणतो, ‘मला काही होणार नाही.’ दहा हजारांतील एकाच्या हिशेबाने त्याचे म्हणणे खरे आहे. पण तो संध्याकाळी ज्या घरी परततो, तेथे पंचाहत्तरीची आजी आहे. त्याच्या जोखमीचे वजन तिच्या वयाच्या मापाने करावे लागते. तसेच, आपण घरी सुरक्षित बसून सर्व वस्तू दारात मागवल्या, तेव्हा आपला धोका नाहीसा झाला नव्हता. त्याचा काही भाग वस्तू आणून देणाऱ्या मुलाने उचलला होता. घरकामाच्या बाईंना पगारी सुटी देणे, लक्षणे असणाऱ्या नोकराला पगार न कापता घरी पाठवणे, खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवणे, ही दुसऱ्याचे ओझे हलके करण्याची साधी कृत्ये आहेत. ती उपकार म्हणून करण्याचेही कारण नाही, कारण त्यांचा लाभ फिरून आपल्याच घरी येतो.

भीतीच्या भरात हे सारे विसरले जाते. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग झाल्याची बातमी पसरली, तेव्हा लक्षावधी लोक शहर सोडून गेले आणि दूरदूरच्या शहरांतील दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या संपल्या. ज्यांना गरज नव्हती त्यांच्या कपाटात त्या जाऊन बसल्या. साथीत देशभरात मिळून मृत्यू पन्नासच्या आसपास झाले. भयाने जे पळाले त्यांना दोष देणे सोपे. पण खात्रीची माहिती वेळेवर न मिळाल्यास समंजस माणूसही पळतो. म्हणून माहिती लपवणे हा साथीतील मोठा अपराध होय. वजनेच खोटी असतील, तर तराजू धरणाऱ्याने काय करावे?

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तो विषाणू नाहीसा झालेला नाही. आपली प्रतिकारशक्ती बदलली, म्हणून वजने बदलली. त्याबरोबर आपले वागणेही बदलले, ते योग्यच झाले. मात्र खोकला असलेल्याने सभेला मास्क लावून यावे, ताप असलेल्या मुलाला शाळेत पाठवू नये आणि वृद्धांनी डॉक्टरांना विचारून आपल्या लशी वेळेवर घ्याव्यात, एवढे तरी या काळाने आपल्या अंगवळणी पाडले असेल, अशी आशा मी बाळगतो. या शाळेने मुलांना त्रैराशिक शिकवताना साथीचे असे एखादे उदाहरण घालावे, अशी माझी संचालकांना विनंती आहे.